स्थळ पाहणे आहे

आमच्या पिढीतील मराठी घरांत ‘स्थळ’ हा शब्द एकाच अर्थाने वापरला जाई. मुलगी उपवर झाली की वडीलधारी मंडळी स्थळे पाहू लागत. ग्वाल्हेर, उज्जैन, देवास, धार, बडोदे अशी पत्रे जात, पत्रिका येत आणि कोणी तरी दूरचा मामा मुलाच्या घरची बातमी काढून येई. घर कसे, माणसे कशी, सासू बोलायला कशी, विहिरीला पाणी आहे की नाही, इथपर्यंत चौकशी चाले. आम्ही स्वतः दोन बहिणींसाठी आणि एका कन्येसाठी अशी स्थळे पाहिली आहेत. परंतु शासकीय सेवेतून निवृत्त झाल्यावर, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आम्हांला पुन्हा स्थळे पाहावी लागतील आणि तीही कुत्र्यांसाठी, असे कोणी सांगितले असते तर आम्ही त्या गृहस्थाचीच प्रकृती विचारली असती.

आम्ही २०१९ साली मध्य प्रदेश शासनाच्या महसूल विभागातून निवृत्त झालो. अर्ज, पंचनामा, स्थळनिरीक्षण आणि शेरा या चार गोष्टींत आमचे सारे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर ज्ञानेश्वरीचे रोज एक पान आणि संध्याकाळी राजवाड्यापर्यंत फेरी, एवढाच बेत होता. २०२० च्या टाळेबंदीने फेरी बंद केली आणि त्याच वर्षीच्या पावसाळ्यात घरामागच्या नाल्याने बाकीचा बेत वाहून नेला.

शेजारची मुलगी महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकत होती. महाविद्यालय बंद असल्याने ती घरी आली होती. एका रात्री तिने नाल्याच्या कडेने चार पिल्ले उचलून आणली. त्यांची आई वाहनाखाली सापडली होती. मुलीच्या घरी तिच्या आजीला दम्याचा त्रास, म्हणून ती टोपली घेऊन आमच्या ओट्यावर उभी राहिली आणि म्हणाली, “काका, पंधरा दिवस. फक्त पंधरा दिवस.” आम्ही काही बोलण्यापूर्वीच आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “पंधरा म्हणजे पंधरा. सोळावा दिवस मला चालायचा नाही.” सोळाव्या दिवशी त्याच पिल्लांसाठी नाचणीची पेज करीत होत्या.

त्या काळात या विषयातले आमचे प्रौढ शिक्षण झाले. पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईजवळ व भावंडांत राहावे, नाही तर पुढे ते भित्रे किंवा चावरे होण्याची भीती असते. जंताचे औषध वेळेवर द्यावे, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान लसीकरण सुरू करावे, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची लस टोचून घ्यावी, योग्य वयात नसबंदी करावी. कांदा, द्राक्षे, चॉकलेट या वस्तू कुत्र्याला विषासमान असतात, हेही तेव्हाच कळले. लहानपणी आमच्या वाड्यातील मोत्याला उरलेली कांद्याची भाजी आम्ही किती प्रेमाने घालीत असू, ते आठवून ओशाळल्यासारखे झाले.

चार पिल्लांत तीन नर व एक मादी होती. तिन्ही नर महिन्याभरात घरोघरी गेले. मादी तशीच राहिली. फोन येई, सगळे पसंत पडे आणि शेवटी प्रश्न येई, “नर आहे ना?” नाही म्हटले की आवाज उतरे. “मादी नको हो, पुढचा व्याप कोण करणार?” एका लहानशा शस्त्रक्रियेने तो व्याप कायमचा मिटतो, हे सांगूनही उपयोग होत नसे. आमच्या सौ. एकदा फोन ठेवून म्हणाल्या, “इथेही मुलगीच नको!” त्या वाक्यानंतर आमच्या घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. अडीच महिन्यांनी देवासच्या एका शिक्षक दांपत्याने तिला नेले. काळ्या रंगाच्या कुत्र्यांचेही असेच होते, आणि वय झालेल्यांचे तर विचारूच नका.

या कामाला सगळे ‘दत्तक देणे’ म्हणतात. हा शब्द प्रथम आमच्या घशाखाली उतरेना. आपल्या जुन्या घराण्यांत दत्तक हा भारदस्त शब्द आहे. वंश, वतन, श्राद्धाचा अधिकार एवढे सगळे त्यात येते. झाशीच्या राणीसाहेबांचे दत्तकविधान इंग्रजांनी मानले नाही आणि त्यातून केवढे रामायण घडले, हे सर्वश्रुत आहे. ते दत्तकपुत्र दामोदरराव पुढे आमच्या इंदुरातच राहिले आणि १९०६ मध्ये इथेच वारले. असा शब्द नाल्यातल्या पिल्लाला लावावा, हे आमच्या मनाला रुचत नव्हते. परंतु पुढे विचार करता वाटले की एका दृष्टीने हे दत्तकविधान त्या दत्तकविधानाहून निर्मळ आहे. तिथे घराला वारस हवा असतो. इथे घराला काहीच मिळायचे नसते, मिळायचे ते येणाऱ्यालाच. म्हणून तिथे मुलाची पारख होई, इथे घराची करावी लागते.

आणि आपल्याला हे नवीन तरी कुठे आहे? श्रीदत्तगुरूंच्या पायाशी चार श्वान असतात आणि त्यांना चार वेद म्हणण्याची आपली परंपरा आहे. होळकरांचे कुलदैवत खंडोबा, त्याच्या सोबतीलाही कुत्रा आहेच. वैश्वदेवानंतर कुत्र्याचा घास बाजूला काढणारी आजी आमच्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली तेव्हा ते तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा तर आपण पाळण्यात ऐकली. सर जॉन माल्कम यांनी १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात अहिल्याबाईंच्या भूतदयेची नोंद केली आहे. नांगराला जुंपलेल्या बैलांना मध्येच थांबवून पाणी पाजावे, शेतकरी पाखरांना हाकलतात म्हणून उभी शेते विकत घेऊन ती पाखरांसाठी राखावीत, अशी त्यांची व्यवस्था होती. त्यांच्या राज्यात येऊन स्थायिक झालेल्या आपल्या पूर्वजांनी ही व्यवस्था डोळ्यांनी पाहिली असेल.

तरीही केवळ भूतदयेने हा प्रश्न सुटत नाही, हे एका माजी अधिकाऱ्याने नाकारू नये. इंदूरने २०१७ साली स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळविला आणि पुढेही तो मान राखला, याचा आम्हांला अभिमान आहे. पण कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कचराकुंड्या उठल्या तेव्हा त्यांवर जगणारी कुत्री मात्र कोणाच्या हिशेबात नव्हती. भुकेली कुत्री गल्लीतून गाड्यांमागे धावू लागली. आमच्याच गल्लीतला नऊ वर्षांचा मुलगा चावला गेला. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी, हे त्या डॉक्टर होऊ घातलेल्या मुलीने तिथल्या तिथे करविले, म्हणून निभावले. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचणे जवळजवळ अशक्य असते. त्या मुलाच्या आईने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलेलो नाही. कुत्र्यांना घरे मिळवून देण्याचे काम त्या आईसाठीही आहे, असे आम्ही तेव्हापासून मानीत आलो.

२०२१ पासून ती मुलगी आणि तिची मित्रमंडळी आम्हांला स्थळे पाहायला पाठवू लागली. तरुण पोरांना लोक दारातूनच वाटेला लावतात, पांढरे केस पाहिले की पाणी विचारतात, हा त्यांचा हिशेब. आम्ही जुन्या सवयीने एक तक्ताच तयार केला. घर स्वतःचे की भाड्याचे, भाड्याचे असल्यास मालकाची संमती, कुंपण, गच्चीला कठडा, घरातील सर्वांची मान्यता, पूर्वी प्राणी पाळला असल्यास त्याचे काय झाले, लसीकरण व नसबंदीची हमी. शेवटी शेरा आणि दिनांकासह सही. मुले हसत, पण तक्ता वापरीत.

या निमित्ताने शहराचे एक वेगळेच दर्शन घडले. २००३ साली एका दूरध्वनी कंपनीच्या जाहिरातीत पग जातीचा कुत्रा झळकला आणि नंतर घरोघरी तसलाच हवा झाला. पुढे हस्कीची लाट आली. सैबेरियाच्या बर्फात गाडी ओढणारे ते जनावर मे महिन्याच्या माळव्यात धापा टाकीत पडलेले आम्ही पाहिले आहे. हौस फिटली की ही जातिवंत कुत्री बाजाराजवळ, मंदिराजवळ सोडून दिलेली सापडतात. आपले देशी कुत्रे मात्र या हवेतच घडलेले. अंगावर आखूड केस, पोट सोशिक, बुद्धी तरतरीत. तरी “देशी आहे का?” हा प्रश्न आम्ही फार वेळा नाखुशीच्या सुरात ऐकला.

आता ज्यासाठी हा लेख लिहावयास घेतला ते सांगतो.

२०२२ च्या जानेवारीत एक तांबूस, भुऱ्या रंगाचा देशी कुत्रा वाहनाच्या धडकेने जखमी झालेला सापडला. वय असेल दीडेक वर्ष. मागचा डावा पाय बरा झाला, पण चालताना किंचित ओढला जाई. मुलांनी त्याचे नाव भुऱ्या ठेवले. त्याच्यासाठी दोन स्थळे आली. एक बायपासच्या बाजूला असलेल्या नव्या वसाहतीतील व्यापाऱ्याचे आणि दुसरे रामबागेकडच्या जुन्या वाड्यातील एका निवृत्त शिक्षिकेचे. त्यांना सारा वाडा माई म्हणतो. यजमान जाऊन बरीच वर्षे झाली, मुलगा पुण्यास, वय बहात्तर, दोन खोल्या आणि समोर ओटा.

आम्ही दोन्ही ठिकाणी रीतसर गेलो. व्यापाऱ्याच्या बंगल्याला उंच कुंपण, हिरवळ, नोकर, फाटकापाशी नवे कोरे लाकडी खुराडे. तक्त्यातील एकूण एक रकान्यात ‘होय’ पडले. माईंनी आम्हांला आले घातलेला चहा दिला आणि म्हणाल्या, “माझ्याकडे दिवसभर वेळ असतो हो.” आम्ही खोल्या पाहिल्या, जिना पाहिला, त्यांचे गुडघे पाहिले आणि शेरा लिहिला, ‘वय अधिक, घरात एकट्या, जागा अपुरी, सबब शिफारस नाही.’ त्या वाक्यातील ‘सबब’ आजही आमच्या डोळ्यांपुढे येतो.

भुऱ्या बंगल्यात गेला. अशा प्राण्याला नवे घर अंगवळणी पडावयास वेळ लागतो. भीती ओसरण्यास तीन दिवस, घराची शिस्त कळण्यास तीन आठवडे आणि हे आपलेच घर असे वाटण्यास तीन महिने, असा या कामातला ठोकताळा आहे. आम्ही दोनदा फोन केला. “मस्त आहे” असे उत्तर मिळाले आणि आम्ही नोंद करून प्रकरण बंद केले. पुन्हा जाऊन डोळ्यांनी पाहिले नाही.

त्या वर्षी दिवाळी ऑक्टोबरच्या अखेरीस होती. सणानंतर आठवड्याने शुभेच्छा द्याव्या म्हणून आम्ही फोन केला, तेव्हा बोलता बोलता कळले की लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांना घाबरून भुऱ्या साखळी तोडून पळाला. आम्ही विचारले, “साखळी? रात्री बाहेर बांधत होता?” ते म्हणाले, “अहो, राखणीलाच तर आणला होता.” आणि मग अगदी मनमोकळेपणाने, “कुत्राच तो, गेला. दुसरा आहे का एखादा?”

फोन ठेवल्यावर आम्हांला त्या बंगल्यातील एक गोष्ट आठवली. आम्ही पाहणीस गेलो असता भुऱ्याचा फोटो पाहून घरातील वृद्ध बाईंनी पदर सावरून दोन पावले मागे घेतली होती आणि सूनबाई मोबाईलवरून मानही वर न करता “हो, हो, चालेल” म्हणाल्या होत्या. हे आम्ही पाहिले होते. लिहिले नव्हते, कारण त्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता. संध्याकाळी त्या कुत्र्याजवळ कोण बसणार, एवढा एक प्रश्न आम्ही विचारावयास हवा होता.

मग शोध सुरू झाला. आम्ही उभयता स्कूटरवरून निघत असू. सौ.च्या मांडीवर उकडलेल्या अंड्यांची पिशवी, आमच्या खिशात त्याच्या फोटोची हिंदीत छापलेली पत्रके. बायपासवरचे ढाबे, ट्रकचे थांबे, पंक्चरची दुकाने, सगळीकडे विचारीत गेलो. सेवेत असताना ज्या रस्त्यांवरून सरकारी जीपमधून गेलो, तिथे हातात कुत्र्याचा फोटो घेऊन उभे राहण्यात प्रारंभी संकोच वाटला, तिसऱ्या दिवशी तो गेला. अकराव्या दिवशी एका ढाबेवाल्याने पत्रक पाहिले आणि म्हणाला, “साहब, यह लँगड़ा तो दिवाली से यहीं पड़ा है.” तो खाटांच्या मागे होता. बरगड्या मोजता येत होत्या, गळ्यात साखळीचा तुटका तुकडा. आम्ही हाक मारली, तो उठून दूर जाऊन बसला. आमच्या धोतराचा वास त्याला त्या बंगल्याची आठवण करून देत असेल, कोण जाणे. सौ. मातीतच बसल्या, अंडे सोलले आणि काही न बोलता हात पुढे धरून राहिल्या. वीस एक मिनिटांनी तो आला. घरी आल्यावर सौ.नी आमच्याकडे न पाहताच निकाल दिला, “आता याचे स्थळ पाहायचे नाही.”

भुऱ्या आमच्याकडेच राहिला. परंतु माईंचा विषय मनातून जाईना. २०२३ च्या संक्रांतीस तिळगूळ घेऊन आम्ही उभयता रामबागेत गेलो आणि घडले ते सारे सांगून टाकले. वरिष्ठांपुढे खुलासा देताना जे कधी जमले नाही ते त्या ओट्यावर जमले. आम्ही म्हणालो, “माई, चूक आमची. भुऱ्या तुमच्याकडे यायला हवा होता. अजूनही तुमची इच्छा असेल तर…” सौ.चा चेहरा पांढरा पडला, पण त्या गप्प राहिल्या.

माई हसल्या. “साहेब, त्या दिवशी तुम्ही माझ्या खोल्या मोजल्यात, तेव्हाच मला कळलं होतं. चाळीस वर्षं वर्गात मीही मुलांना मार्क देत होते, मला राग नाही आला. पण भुऱ्या आता नको. तरणा आहे, ओढायचा. मी पडले तर त्याचेही हाल, माझेही. तुमचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. फक्त एवढंच करा, माझ्या वयाचं कुणी असेल तर सांगा.”

असे कोणी होते. चिंगी नावाची नऊ वर्षांची पांढरी पॉमेरेनियन कुत्री. तिचे कुटुंब परदेशी गेले आणि तिला मुलांच्या स्वाधीन करून गेले होते. एका डोळ्यात मोतीबिंदू, दात पडलेले. सहा महिन्यांत तिच्यासाठी एकही फोन आला नव्हता. तिला धावायचे नव्हते, जिना चढायचा नव्हता. कोणाच्या तरी पायाशी दिवसभर पडून राहावयाचे होते, आणि माईंकडे दिवसभर वेळ होता. माईंच्या देवासच्या भाच्याने आणि आम्ही लेखी दिले की माईंना शक्य न झाल्यास चिंगीला आम्ही सांभाळू. त्या दिवसापासून तक्त्यात वयाचा रकाना खोडून नवा रकाना घातला, ‘पुढे कोण?’ तो सर्वांनाच भरावा लागतो. तिशीतल्या माणसाचीही बदली होते, घर बदलते, मूल होते, आणि मग कुत्रे रस्त्यावर येते. आमच्याही नावापुढे तो भरला आहे. आम्ही अडुसष्टाचे, भुऱ्या सहा-साडेसहाचा. आमच्या कन्येने तिथे सही केली आहे.

२०२५ साली हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गाजला. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातील सारी मोकाट कुत्री निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, नसबंदी व लसीकरण करून कुत्री त्यांच्याच भागात सोडावीत, पिसाळलेली व हल्लेखोर तेवढी वगळावीत, असे ठरले. इच्छुकांनी दत्तक घेण्यासाठी नगरपालिकेकडे अर्ज करावा, मात्र घेतलेले कुत्रे पुन्हा रस्त्यावर येऊ नये याची जबाबदारी त्यांची, असेही त्यात होते. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बस व रेल्वे स्थानके यांसारख्या जागांतील कुत्री हलविण्याचा आदेश आला. आमच्या चहाच्या बैठकीत दोन तट पडले. आम्ही दोन्हींचे ऐकले. चावा घेतलेल्या मुलाची आई आणि ढाब्यामागचा भुऱ्या, दोघेही आम्ही पाहिले आहेत. न्यायालयाचे वाद होत राहतील. पण नेलेले कुत्रे परत रस्त्यावर येऊ नये, ही अट आम्हांला त्या साऱ्या कागदांत सर्वांत जड वाटली, कारण ती मोडण्यात एकदा आमच्याही सहीचा हात होता.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर स्वर्गाच्या दारी उभा राहतो आणि सोबतच्या कुत्र्याला टाकून आत जाण्यास नकार देतो. लहानपणी ही कथा ऐकताना आम्हांला त्या कुत्र्याच्या रूपातील धर्मराजाचे कौतुक वाटे. आता वाटते ते निराळे. ते कुत्रे युधिष्ठिराने पाळलेले नव्हते, पसंत करून आणलेले नव्हते. ते मागे मागे आले होते, एवढाच त्यांचा संबंध. तेवढाही त्याला पुरेसा वाटला.

चिंगी जवळजवळ तीन वर्षे माईंच्या पायाशी राहिली आणि गेल्या हिवाळ्यात एका पहाटे झोपेतच गेली. माईंनी तिला ओट्याजवळच्या पारिजातकाखाली ठेवले. महिनाभर आम्ही त्यांना काही विचारले नाही. परवा त्यांचाच फोन आला. आता त्या शहात्तरीत आहेत, आवाज थोडा थकलेला. म्हणाल्या, “साहेब, म्हातारं कुणी आहे का हो?”

आहे. दहा-अकरा वर्षांचा, काळा, एका कानाने बहिरा, नसबंदीची खाच कानावर असलेला. त्याला कोणी विचारीत नाही. रविवारी सकाळी त्याला रिक्षातून रामबागेत नेण्याचे ठरले आहे. तक्ता आम्ही बरोबर नेणार नाही. या खेपेस स्थळ तोच पाहणार आहे.